मीथिंक्स : ‘मी’ की ‘मला’?

वाचकहो, गेल्या महिन्यात एका संध्याकाळी बडोद्याहून माझ्या भाचीचा फोन आला. ती नववीत आहे. एरवी तिचा फोन म्हणजे ‘मावशी, तू कधी येणार?’ नाहीतर ‘मावशी, आईला सांग ना.’ या वेळी मात्र ना हॅलो, ना कशी आहेस. एकदम म्हणाली, “मावशी, शेक्सपिअरला व्याकरण येत नव्हतं का गं?”

मी वीस-बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हा प्रश्न इतक्या सरळपणे मला कुणी विचारला नव्हता. झालं होतं असं, की त्यांना शाळेत ‘हॅम्लेट’मधले काही निवडक प्रवेश वाचायला दिले होते आणि त्यात तिला एक शब्द भेटला : मीथिंक्स. शब्दकोशात अर्थ सापडला, ‘आय थिंक’. तिथेच ती अडली. ‘आय’च्या जागी ‘मी’ म्हणजे ‘मला’ कसं? आणि आपण स्वतःबद्दल बोलत असताना ‘थिंक’ला एस कशाला? तो तर ‘ही’ आणि ‘शी’ला लागतो. एका शब्दात दोन चुका! तिनं असं काही निबंधात लिहिलं असतं तर बाईंनी लाल शाईनं दोन गोल केले असते.

वर म्हणते, “मला असं लागतं, की छपाईची चूक असेल.”

मी विचारलं, “कुठं लागलं? हळद लाव त्याला.”

बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर इथल्या वाचकांना हसू आलं असेल. आजूबाजूला सगळे ‘मने लागे छे’ किंवा ‘मुझे लगता है’ म्हणत असले, की घरातल्या मराठीतही ‘मला लागतं’ येऊन बसतं. खास मराठीत मात्र दगड लागतो, भूक लागते, परीक्षेला पेन लागतं. मत असेल तर ते ‘वाटतं’. भाची फणकारली, “बरं बाई, मला *वाटतं* की छपाईची चूक असेल. झालं समाधान?”

तिच्या कोड्याचं उत्तर तिनंच देऊन टाकलं होतं, पण ते तिच्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, “आत्ता बोललेलं वाक्य परत बोल. ‘मी वाटते’ का नाही म्हणालीस? ‘मला’ का म्हणालीस? आणि ‘वाटतं’ हे ‘मी’चं रूप आहे का?”

पलीकडे जरा वेळ शांतता.

दोन सख्खे शेजारी

आज या एकाच शब्दाबद्दल बोलू या. तो जुना आहे, रोजच्या वापरातून कधीच गेला आहे. पण शेक्सपिअर वाचताना, जुनी इंग्रजी कविता वाचताना तो वरचेवर भेटतो, आणि भेटला की आपण त्याला ‘आय थिंक’चा म्हातारा अवतार समजून पुढे जातो. तसा तो नाही.

हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दिसायला जवळजवळ सारखी अशी दोन क्रियापदं होती. एक थेन्चन, म्हणजे विचार करणे. दुसरं थ्युन्चन, म्हणजे वाटणे, भासणे, दिसणे. पहिल्याचा भूतकाळ थोहते, दुसऱ्याचा थुहते. पहिलं माणूस स्वतः करायचा. दुसरं माणसाला व्हायचं. म्हणून पहिल्याबरोबर ‘मी’ आणि दुसऱ्याबरोबर ‘मला’. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ‘मी विचार करतो’ आणि ‘मला वाटतं’ यांतला फरक आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो.

पुढच्या तीनचारशे वर्षांत उच्चार झिजत गेले आणि ही दोन क्रियापदं एकमेकांत मिसळली. दोघांचंही ‘थिंक’ झालं. जर्मनमध्ये मात्र ती वेगळी राहिली. डेंकेन म्हणजे विचार करणे आणि ड्युंकेन म्हणजे वाटणे. तिथेही दुसरं आता जुनाट वाटतं, पण आहे.

म्हणजे मीथिंक्समधलं ‘थिंक’ हे आपल्या ओळखीचं थिंक नव्हेच. ते थिंकचं कपडे घातलेलं, हरवलेलं दुसरं क्रियापद आहे. ‘मी’ म्हणजे ‘मला’. आणि एस का? कारण कर्ता ‘मी’ नाही. कर्ता त्या वाक्यात बोललाच जात नाही. ‘ते वाटतं’मधलं न उच्चारलेलं ‘ते’ तिथे आहे. त्या ‘ते’साठी एस. मराठीत ‘वाटतं’ हे नपुंसकलिंगी रूप येतं, तसंच. भाचीनं काढलेल्या दोन्ही चुका या चुका नव्हत्याच. छपाईवाल्याचीही सुटका झाली.

या क्रियापदाला आता फक्त दोनच रूपं उरली आहेत. वर्तमानात मीथिंक्स, भूतकाळात मीथॉट. उच्चार करताना जोर ‘थिं’वर आणि ‘थॉ’वर. भविष्यकाळ नाही, आज्ञार्थ नाही. पूर्वी ‘त्याला वाटलं’, ‘आम्हाला वाटतं’ अशी भावंडंही होती, ती गेली आणि ‘मला’ तेवढं उरलं. कधीकधी उत्साही मंडळी ‘आय मीथिंक्स’ लिहितात. ते म्हणजे ‘मी मला वाटतं’. आणि एस गाळून ‘मीथिंक’ लिहिणारे ‘मला वाट’ म्हणत असतात.

राजाला नासपती आवडल्या

असं का झालं असेल? ‘मला’ जाऊन ‘मी’ कसा आला? याचं एक फार छान उदाहरण ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडितानं दिलं आहे. ते ‘लाइक’ या क्रियापदाचं आहे.

आज ‘लाइक’ म्हणजे आवडणे, आणि ते करणारा मी. फोनवर अंगठा दाबून दिवसातून पन्नास वेळा आपण ते करतो. जुन्या इंग्रजीत मात्र त्याच्या पूर्वजाचा अर्थ ‘आवडीचं होणे, रुचणे’ असा होता आणि ज्याला रुचतं त्याला चतुर्थी लागायची. येस्पर्सनचं वाक्य आहे राजाचं आणि नासपतींचं. ‘राजाला नासपती आवडल्या.’ जुन्या रूपात ‘राजाला’ला विभक्तीचा प्रत्यय आहे आणि क्रियापद अनेकवचनी आहे, कारण नासपती अनेक आहेत. आपल्याकडे नेमकं तसंच : राजाला आंबा आवडला, राजाला आंबे आवडले. क्रियापद राजाकडे बघतच नाही, ते आंब्याकडे बघतं.

मग काय झालं, तर इंग्रजीतले प्रत्यय गळाले. ‘राजाला’चा ‘ला’ पडला. क्रियापदाची अनेकवचनाची खूणही पडली. उरलं ते ‘राजा-आवडणं-नासपती’. इंग्रजी वाक्यात आधी कर्ता येतो ही सवय तोपर्यंत घट्ट झाली होती, म्हणून ऐकणाऱ्यानं राजालाच कर्ता समजायला सुरुवात केली. आणि राजाच्या जागी सर्वनाम आलं तेव्हा ‘त्याला’ऐवजी ‘तो’ आलं. कुणी ठरवून केलं नाही. शब्द जागच्या जागी होते, फक्त ऐकणाऱ्यांचे कान बदलले.

तुमच्या घरात दोन-अडीच वर्षांचं मूल असेल, किंवा इंग्रजीच जास्त बोलणारं थोडं मोठं मूल, तर हा इतिहास तुम्ही जेवणाच्या टेबलावर ऐकला असेल. “मी आंबा आवडतो.” आपण हसतो, ‘मी नाही रे, मला’ असं सांगतो. इंग्रजांना ‘मला म्हण’ असं सांगायला कुणी नव्हतं, एवढंच.

त्या जुन्या रचनेचे तुकडे इंग्रजीत अजून सापडतात. सगळ्यात मोठा तुकडा रोज आपल्या तोंडात असतो. तो म्हणजे प्लीज. ‘इफ यू प्लीज’मधलं ‘यू’ मुळात ‘तुम्ही’ नव्हतं, ‘तुम्हाला’ होतं. ‘तुम्हाला रुचत असेल तर.’ ‘वो इज मी’ हा जुना उद्गारही तसाच. ‘मी म्हणजे दुःख’ असा तो वाचला तर काहीच कळत नाही. ‘दुःख आहे मला’ असा वाचला की नीट बसतो.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना ‘मह्यं मोदकः रोचते’ आठवत असेल. ‘अहम्’ नाही, ‘मह्यम्’. ‘रुच्’सारख्या धातूंबरोबर ज्याला आवडतं त्याला संप्रदान मानायचं, असा पाणिनीचा स्पष्ट नियमच आहे. आणि भारतात हे फक्त संस्कृतच्या लेकींपुरतं नाही. हैदराबादचे वाचक शेजाऱ्यांकडून ‘नाकु अनिपिस्तुंदी’ ऐकतात, बेंगळुरूचे ‘ननगे अनिसुत्तदे’, चेन्नईचे ‘एनक्कु तोन्रुगिरदु’. कोच्चीत ‘एनिक्कु तोन्नुन्नु’. सगळ्यांचा पहिला शब्द ‘मला’. भाषाकुळं वेगळी, तरी वाक्याची बसण्याची रीत एक. कॉलिन मसिका यांनी १९७६ साली दक्षिण आशियाच्या भाषांवर पुस्तक लिहिलं, त्यात या ‘मला’ला या सबंध प्रदेशाची एक खूण म्हणून जागा दिली आहे. म्हणून मीथिंक्स समजून घ्यायला लंडनच्या मुलापेक्षा बडोद्याच्या मुलीला कमी वेळ लागायला हवा. लागतो जास्त, कारण आपण तिला ते इंग्रजीतून समजावतो.

एका राजाचं ‘मला वाटतं’

या शब्दाचा मला सगळ्यात आवडणारा जुना वापर एका राजाच्या पत्रात आहे. आल्फ्रेड नावाचा हा राजा इ. स. ८७१ ते ८९९ या काळात दक्षिण इंग्लंडच्या वेसेक्स राज्यावर होता. समुद्रावरून येणाऱ्या डेनिश टोळ्यांशी लढण्यात त्याची बरीच वर्षं गेली. मठ लुटले गेले, पुस्तकं जळाली. जरा स्वस्थता मिळाल्यावर त्यानं पोप ग्रेगरीचा एक लॅटिन ग्रंथ इंग्रजीत उतरवला आणि त्याच्या प्रती आपल्या बिशपांना पाठवल्या. सोबत एक पत्र जोडलं. ते आजही वाचायला मिळतं.

त्यात तो खेदानं म्हणतो, की एके काळी बाहेरदेशचे लोक विद्येसाठी आपल्याकडे येत आणि आता आपल्यालाच ती बाहेरून आणावी लागते. आपण गादीवर आलो तेव्हा लॅटिनमधलं साधं पत्र इंग्रजीत करू शकेल असा माणूस थेम्स नदीच्या दक्षिणेला एकही आठवत नाही. मग तो विचार करतो, की ज्यू लोकांचा धर्मग्रंथ ग्रीकांनी आपल्या भाषेत नेला, रोमनांनी आपल्या भाषेत नेला, तर आपणही सर्वांना अत्यंत गरजेची अशी काही पुस्तकं सर्वांना समजणाऱ्या भाषेत का आणू नयेत? हा प्रस्ताव मांडताना तो हुकूम सोडत नाही. ‘मला हे बरं वाटतं, तुम्हालाही तसं वाटत असेल तर’ अशा अर्थाचं तो लिहितो, आणि दोन्ही ठिकाणी क्रियापद तेच, थ्युन्चन. मीथिंक्सचा पणजोबा.

राजा होता तो. ‘मी ठरवलं आहे’ लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण ‘तुम्हालाही तसं वाटत असेल तर’ हे शब्द त्या काळच्या राजाच्या पत्रात वाचताना मला दर वेळी गंमत वाटते. आणि विषय कोणता, तर विद्या लोकांच्या भाषेत आणण्याचा. त्यानंतर चारएकशे वर्षांनी नेवाशात काय घडलं ते मराठी वाचकाला सांगायला नको.

पुढे चौदाव्या शतकात चॉसर ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकात यात्रेकरूंची ओळख करून देण्याआधी हेच क्रियापद वापरतो. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये बुरुजावरचा पहारेकरी लांबून धावत येणारा माणूस बघतो आणि त्याच्या धावण्यावरून तो कोण असावा याचा अंदाज सांगतो, तिथेही हेच. अजून चेहरा दिसत नाही, खात्री नाही, पण चाल ओळखीची वाटते. या शब्दाची खरी जागा तीच.

हॅम्लेटचे भास

आता भाचीच्या ‘हॅम्लेट’कडे. हे नाटक सन १६००च्या आसपासचं. मराठीत गोपाळ गणेश आगरकरांनी ते ‘विकारविलसित’ या नावानं आणलं, ते १८८३ साली प्रसिद्ध झालं. भास आणि सत्य यांच्या सीमेवर चालणारं हे नाटक आहे, त्यामुळे त्यात मीथिंक्स येणं स्वाभाविकच.

पहिल्याच अंकातला प्रसंग घ्या. हॅम्लेटचा बाप वारला आहे. मित्र होरेशिओ त्याला भेटायला आला आहे, आणि त्याच्या पोटात एक गुपित आहे : पहाऱ्यावर असताना त्यानं मेलेल्या राजाचं भूत प्रत्यक्ष पाहिलं आहे. हॅम्लेटला हे अजून माहीत नाही. बोलता बोलता हॅम्लेट सहज म्हणून जातो, की मला वडील दिसताहेत असं वाटतं. होरेशिओ दचकतो. कुठं? हॅम्लेट सांगतो, मनाच्या डोळ्यांपुढे. इथे ‘आय थिंक’ बसवून पाहा. ‘माझं मत आहे की मी वडिलांना पाहतो आहे’! सगळं नाट्य गेलं. मीथिंक्स म्हणजे मत नव्हे. ते डोळ्यांपुढे तरळणं आहे. पुढे ते भूत स्वतःच बोलतं, आणि त्यालाही पहाटेचा वास आल्यासारखं ‘वाटतं’ म्हणून घाई करावी लागते. भुतालाही भास होतात!

तिसरा प्रसंग गमतीचा. हॅम्लेट म्हाताऱ्या पोलोनियसला आकाशातला ढग दाखवतो. उंटासारखा दिसतो ना? हो, अगदी उंट. नाही, मला तर वीझलसारखा वाटतो (वीझल म्हणजे आपल्या मुंगसासारखा दिसणारा एक लहान प्राणी). हो हो, पाठ अगदी तशीच. की देवमाशासारखा? अगदी देवमासा! साहेबांच्या केबिनमध्ये मान डोलावणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पोलोनियस वेगळा समजावून द्यायला नको. यातलं वीझलचं वाक्य पुढे एका वेगळ्याच कामाला आलं. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८६च्या ‘द ब्लाइंड वॉचमेकर’ या पुस्तकात उत्क्रांती समजावताना तेच वाक्य घेतलं. मोकळ्या जागा धरून त्यात २८ अक्षरं. माकड टंकलेखनयंत्रावर आंधळेपणानं बोटं मारत बसलं तर हे वाक्य पहिल्या फटक्यात जमण्याची शक्यता एकावर चाळीस शून्यांत एक. पण प्रत्येक वेळी बदलणाऱ्या प्रतींतून त्यातल्या त्यात जवळची प्रत निवडत गेलं तर संगणकाला ते पहिल्या खेपेत ४३ पिढ्यांत जमलं. म्हणजे मीथिंक्स हा शब्द एका अर्थी संगणकातही जन्माला आला आहे.

आणि चौथा प्रसंग, ज्याच्यामुळे हा शब्द आजही वर्तमानपत्रात दिसतो. नाटकातल्या नाटकात एक राणी शपथा घेते, की नवरा गेल्यावर मी पुन्हा लग्न करणार नाही. हे बघणारी खरी राणी, हॅम्लेटची आई, नवरा गेल्यावर लगेच दिराशी लग्न करून बसलेली आहे. तिला कसं वाटलं विचारल्यावर ती म्हणते, की बाई जरा जास्तच शपथा घेते आहे, असं मला वाटतं. हे वाक्य आज लोक कुणी फार नाकारायला लागलं की त्याच्या तोंडावर फेकतात. त्यात दोन घोटाळे होतात. एक म्हणजे ‘प्रोटेस्ट’चा अर्थ तेव्हा ‘निषेध करणे’ नव्हता, ‘ठासून सांगणे, आणाभाका घेणे’ असा होता. दुसरं म्हणजे लोक मीथिंक्स वाक्याच्या सुरुवातीला नेतात. राणीच्या वाक्यात ते शेवटी आहे, आणि ते शेवटी असण्यातच मजा आहे. आधी ठाम बोलून टाकायचं आणि मग हळूच ‘आपलं मला वाटतं हं’ असं शेपूट जोडायचं. आपल्या आत्या-काकवा लग्नघरात हे किती सफाईनं करतात!

आंधळ्या कवीचं स्वप्न

मीथॉट, म्हणजे ‘मला वाटलं’, हे रूप कवींनी मुख्यतः स्वप्नासाठी वापरलं. मॅकबेथला खून केल्यावर कुणीतरी ओरडल्याचा भास होतो, तो याच शब्दानं. ‘रिचर्ड द थर्ड’मध्ये तुरुंगातला क्लॅरेन्स आपण बुडून मरत असल्याचं स्वप्न सांगतो, तेही याच शब्दानं. तीन वेगवेगळ्या काळातल्या कवींनी, म्हणजे वॉल्टर रॅलेनं, मिल्टननं आणि वर्ड्‌स्वर्थनं, एकेका सुनीताची सुरुवातच ‘मला वाटलं, मी पाहिलं’ अशी केली आहे.

यातलं मिल्टनचं सुनीत मी कुणालाही वाचून दाखवते तेव्हा आधी त्याची हकिकत सांगते. १६५२पर्यंत मिल्टनची दृष्टी पूर्ण गेली होती. पहिली बायको त्याच वर्षी वारली. १६५६ साली त्यानं कॅथरीन वुडकॉकशी दुसरं लग्न केलं. पंधरा महिन्यांत, १६५८च्या फेब्रुवारीत, बाळंतपणानंतर काही महिन्यांनी तीही गेली. मूलही वाचलं नाही. बहुतेक अभ्यासक हे सुनीत तिच्याबद्दलचं मानतात. म्हणजे जिच्याशी संसार केला तिचा चेहरा त्यानं कधी पाहिलाच नव्हता. सुनीतात ती त्याला स्वप्नात दिसते. शुभ्र वस्त्रात, चेहऱ्यावर जाळीचा पडदा. पडदा असूनही तिचं प्रेम, तिचा गोडवा त्याला दिसतो. ती त्याला मिठीत घ्यायला वाकते आणि त्याच क्षणी त्याला जाग येते. ती नाहीशी होते आणि उजाडलेला दिवस त्याची रात्र परत घेऊन येतो. आपल्या उलट त्याचं : डोळे मिटले की दिसायचं, उघडले की अंधार.

सगळ्या कवितेचा पहिला शब्द मीथॉट. ‘मी पाहिलं’ असं तो म्हणू शकत नाही. ‘मला वाटलं, मी पाहिलं.’

जुन्या इंग्रजीत स्वप्नही माणसाला ‘पडायचं’ बरं का, मराठीसारखं. ‘मला स्वप्न पडलं.’ तेही ‘मला’ गेलं आणि ‘मी स्वप्न पाहिलं’ आलं. आपल्याकडेही ‘मी स्वप्न पाहिलं’ आता सर्रास ऐकू येतं, पण बहुतेक त्यात घर नाहीतर गाडी असते. रात्रीचं अजून पडतंच.

इथे एक खबरदारी. काही लोक यावरून पटकन म्हणतात, की बघा, इंग्रज ‘मी मी’ करणारे झाले आणि आपण नम्र राहिलो. मला हे पटत नाही. प्रत्यय गळल्यानं कुणी गर्विष्ठ होत नसतं, आणि ‘मला वाटतं’ म्हणत तासभर दुसऱ्याला बोलू न देणारे गृहस्थ मी भरपूर पाहिले आहेत. झालं ते इतकंच, की इंग्रजीतला एक भेद पुसट झाला. तोही पूर्ण नाही. ‘आय ॲम थिंकिंग’ म्हणजे मी विचार करतोय आणि ‘आय थिंक’ म्हणजे मला वाटतं, हा फरक वापरात आहेच. मुलांना शिकवताना मी हे दोन मराठी अर्थ शेजारी ठेवत असे. ‘आय ॲम थिंकिंग दॅट इट इज राँग’सारखी वाक्यं त्यानं बरीच कमी होतात, करून पाहा.

काळजी मला आपल्या बाजूची वाटते. हल्ली भाषांतराच्या ॲपवर आणि डब केलेल्या मालिकांत ‘मी विचार करतो की तो उद्या येईल’ असं ऐकू येतं. मराठीत ज्याला विचार करून सांगायचं असतं तो विचार करतो. उद्या कुणी येईल असं आपल्याला नुसतं वाटतं. आपल्याकडे दोन क्रियापदं शाबूत आहेत. एक आपण होऊन टाकून द्यायचं कशाला?

फोन स्पीकरवर होता

भाचीला मी हे सगळं एका दमात सांगितलं नाही, घाबरू नका. हॅम्लेट आणि मिल्टन तेवढा सांगितला. मिल्टन सांगून झाला तेव्हा पलीकडून भाचीऐवजी माझ्या आईचा आवाज आला. फोन स्पीकरवर आहे हे मला माहीतच नव्हतं. आई बहिणीकडेच असते. वय ८३. हल्ली तिला जिना चढवत नाही, त्यामुळे खालच्या खोलीत असते आणि भाचीचा अभ्यास तिच्याच पलंगावर चालतो.

आई म्हणाली, “मला परवा असंच झालं. चार वाजता डोळा लागला होता. मला वाटलं, हे आले. चपला काढल्याचा आवाज झाला. मी म्हटलं, उठून चहा टाकावा.”

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

मला काही बोलायला सुचेना. भाचीनं विचारलं, “मग तू उठलीस, आजी?”

“उठले की. चहा टाकला. मग तुझ्या आईनं विचारलं, आज दोन कप का.”

भाची थोडा वेळ गप्प होती. मग वहीची पानं उलटल्याचा आवाज आला आणि तिनं मला विचारलं, की आजीचं वाक्य इंग्रजीत लिहायचं तर मीथॉट चालेल ना? मी म्हटलं, चालेल. पण परीक्षेच्या पेपरात स्वतःच्या वाक्यात लिहू नकोस, बाई कापतील, आणि त्यांचंही बरोबर आहे. आज हा शब्द कुणी साधेपणानं वापरला तर लोकांना तो थट्टा करतोय असं वाटतं. “पेपरात नाही गं,” ती म्हणाली. “माझ्या वहीत.”

वाचकहो, तुमच्या घरी ‘मला लागतं’ म्हणतात की ‘मला वाटतं’? तुम्ही जिथे राहता तिथल्या भाषेनं तुमच्या मराठीत असं आणखी काय आणून ठेवलं आहे? जरूर कळवा. कन्नड आणि तेलुगू शेजार असलेल्या वाचकांची पत्रं आली तर पुढच्या महिन्यात त्यावरच लिहीन म्हणते.